हायस्पीड रेल्वेचे पूल आणि पाया : डिझाइनमधल्या या चुका टाळा

ताशी 300 किमीच्या वर गाडी धावणार असेल, तर पूल तिचं वजन पेलतो का हा प्रश्न सहसा पहिल्याच हिशेबात सुटतो. पूल किती हलतो, किती वाकतो आणि बांधून झाल्यावर किती खचतो, डिझाइन फसतं ते इथे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्थिर भाराला इम्पॅक्ट फॅक्टरने (धावत्या गाडीच्या धक्क्यांसाठी धरलेल्या वाढीव गुणकाने) गुणून मोकळं होणं. या फॅक्टरमध्ये अनुनाद धरलेलाच नसतो. डबे एकाच लांबीचे असतात, त्यामुळे बोगींचे (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांचे) धक्के ठरावीक अंतराने बसत राहतात. त्यांचा ठेका गर्डरच्या (पुलाच्या तुळईच्या) नैसर्गिक वारंवारतेशी, म्हणजे तो स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा हलतो त्याच्याशी जुळला, की डब्यागणिक कंपन वाढत जातं. हाच अनुनाद. तो ज्या वेगाला होतो तो वेग काढणं सोपं आहे: वारंवारता गुणिले डब्याची लांबी. गर्डर 4 हर्ट्झचा आणि डबा 25 मीटरचा असेल, तर सेकंदाला 100 मीटर, म्हणजे ताशी 360 किमी. मार्गाचा वेग 320 असल्यास आपण सुटलो असं वाटतं. पण युरोकोडनुसार (बांधकाम-डिझाइनच्या युरोपीय नियमांनुसार) तपासणी 1.2 पट वेगापर्यंत, म्हणजे 384 पर्यंत करावी लागते. शिवाय तडे जाऊन गर्डरचा ताठपणा 19 टक्क्यांनी घटला, तर वारंवारता 3.6 हर्ट्झवर येते आणि धोक्याचा वेग 324 वर. म्हणून ताठपणा आणि वस्तुमान यांचं एकच मूल्य घेऊ नका, वरचं आणि खालचं अशी दोन्ही टोकं तपासा. वस्तुमान जास्त धरलं तर अनुनादाचा वेग खाली येतो, कमी धरलं तर त्वरण वाढतं.

भूकंपाच्या हिशेबातलं 5 टक्के डॅम्पिंगही (कंपन विरण्याचं प्रमाण) इथे उचलून आणू नका. 20 मीटर आणि त्याहून लांब गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या अंतराच्या) प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आतल्या ताणलेल्या तारांनी दाबलेल्या काँक्रीटच्या गर्डरला 1 टक्का, स्टीलला 0.5 टक्केच धरायचं. नाहीतर कागदावर पूल शांत दिसेल आणि प्रत्यक्षात थरथरेल.

लहान गाळे मजबूत दिसतात म्हणून त्यांचं विश्लेषण गाळलं जातं. पण ते हलके असतात, त्यामुळे डेकचं (रूळ पेलणाऱ्या पुलाच्या वरच्या भागाचं) त्वरण तिथेच चटकन वाढतं. 1981 मध्ये सुरू झालेल्या पॅरिस–लियों मार्गावर अशाच लहान पुलांवरची रुळांखालची खडी सैल झाली होती. पुढे प्रयोगांत दिसलं, की गुरुत्वत्वरणाच्या 0.7 पटीच्या आसपास खडीची पकड सुटते. खडीच्या मार्गाला त्याच्या निम्मी, म्हणजे 3.5 मी/से² मर्यादा ठेवली गेली; स्लॅब ट्रॅकला (खडीऐवजी काँक्रीटच्या लादीवर बसवलेल्या रुळांना) 5.

स्लॅब ट्रॅकवर वेगळी पंचाईत असते. क्रीपमुळे (कायम दाबाखाली काँक्रीट हळूहळू आकसत जाण्यामुळे) प्रीस्ट्रेस्ड गर्डर महिनोन्‌महिने वर उचलला जातो. फास्टनरमध्ये (रूळ जखडणाऱ्या पकडीत) रूळ वर घ्यायला दोन-अडीच सेंटीमीटर वाव मिळतो, खाली घ्यायला मात्र जेमतेम काही मिलिमीटर. ट्रॅक घाईने टाकला तर वाढलेला कॅम्बर (गर्डरचा वरचा फुगवटा) उतरवायला जागाच उरत नाही. प्रीस्ट्रेसिंगनंतर किमान दोन महिने थांबा आणि कॅम्बर मोजत राहा.

आता पाया. चिनी नियमांत स्लॅब ट्रॅकसाठी बांधकामानंतरचं खचणं एका खांबाला 20 मिमी आणि शेजारच्या दोन खांबांतला फरक 5 मिमी, इतकंच चालतं. त्यामुळे पाइलची (जमिनीत खोल घातलेल्या पायाच्या स्तंभाची) भारक्षमता पुरेशी निघाली म्हणून काम संपत नाही. बोअर केलेल्या पाइलच्या तळाशी 50 मिमी मऊ गाळ राहिला आणि पाइलचा भार मुख्यतः तळावरच असेल, तर तो दबताना 5 मिमी सहज ओलांडले जातात. सळ्यांचा पिंजरा उतरवल्यावर खोली पुन्हा मोजा, गाळ आढळला तर एअरलिफ्टने (हवेच्या दाबाने वर खेचून) काढा आणि लगेच ट्रेमीने (तळापर्यंत जाणाऱ्या नळीने) काँक्रीट सुरू करा. मऊ चिकणमातीवर शेजारी भराव येणार असेल किंवा भूजल उपसलं जाणार असेल, तर माती खचताना पाइलला खाली ओढते. हा भार अनेकदा हिशेबातून राहूनच जातो.

पुलाकडे येणारा भराव दुसऱ्या कोणाचं काम समजू नका. अबटमेंट (पुलाच्या टोकाचा आधार) पाइलवर आणि भराव मोकळ्या मातीवर असेल, तर सांध्यावर पायरी पडते. तिथे सिमेंट मिसळलेल्या खडीचा पाचरीसारखा टप्पा द्या, म्हणजे ताठपणा हळूहळू बदलेल. आणि खालची माती फारच मऊ असेल, तर तिच्यातल्या लहरींचा वेगही मोजा. स्वीडनमधल्या लेड्सगोर्ड इथे ताशी 200 किमीच्या आसपास गाडीने तो वेग गाठायला सुरुवात केली आणि रुळांखालचा भराव मोठ्या प्रमाणात डोलू लागला. शेवटी चुना-सिमेंटचे स्तंभ जमिनीत घालून माती ताठ करावी लागली. हेच काम भराव टाकण्याआधी केलं, तर चालू मार्गाला हात लावावा लागत नाही.