मेलाटोनिन, मद्य आणि यकृत : या चुका टाळा

मद्य सुरू ठेवूनही यकृत सांभाळील अशी एखादी गोळी आहे का, हा प्रश्न व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात मला वारंवार विचारला जातो, आणि अलीकडे विचारणाऱ्याच्या हातात बहुधा मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाची बाटलीही असते. या संप्रेरकाने उंदरांच्या यकृताला मद्यापासून वाचवले, असे त्याने कुठेतरी वाचलेले असते. वाचलेले खोटे नसते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकलेला असतो, आणि या चुका इतक्या ठरावीक आहेत की त्या एकदा नीट लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

आधी त्यातला खरा भाग पाहू. यकृतात मद्याचे रूपांतर प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात होते. रोज पिणाऱ्यांच्या यकृतात सीवायपी२ई१ हे विकर (एन्झाइम) वाढते आणि त्याच्या कामातून ऑक्सिजनचे आक्रमक रेणू बाहेर पडतात, जे पेशींच्या पटलांवरील मेदावर हल्ला करतात आणि ग्लुटाथिओन या पेशींच्या संरक्षक द्रव्याचा साठा संपवतात. त्याच वेळी आतड्याचे अस्तर झिरपू लागते, जिवाणूंची विषे रक्तावाटे यकृतात पोहोचतात आणि तिथे दाह पेटतो. मेलाटोनिन हे स्वतः ऑक्सिडीकरणरोधक आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने मेदाचे ऑक्सिडीकरण कमी केले, ग्लुटाथिओन टिकवले, दाहाचे संकेत मंदावले आणि रक्तातील एएलटी व एएसटी ही यकृताला इजा झाल्यावर वाढणारी विकरे फार वाढू दिली नाहीत. एवढे मान्य करूनच पुढे जायला हवे.

उंदराची मात्रा स्वतःला लावणे

या प्रयोगांत मात्रा बहुधा प्रतिकिलो 10 मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि पुष्कळदा ती मद्याच्या आधी किंवा मद्यासोबत दिलेली असते. हे वाचून लोक दोन टोकांना जातात. एक गट झोपेची 3 मिलिग्रॅमची गोळी घेतो आणि यकृताला कवच मिळाले असे समजून निर्धास्त पितो. दुसरा गट 10 ला आपल्या 70 किलो वजनाने गुणतो आणि 700 मिलिग्रॅमचा विचार करू लागतो. दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. रॅट या मोठ्या उंदराची मात्रा माणसासाठी रूपांतरित करताना शरीराच्या पृष्ठभागाचा विचार करून ती साधारण 6.2 ने भागतात. म्हणजे प्रतिकिलो 10 मिलिग्रॅमचे सुमारे 1.6 मिलिग्रॅम होतात आणि 70 किलोच्या माणसासाठी तो आकडा 113 मिलिग्रॅमच्या जवळ जातो. हे गणितही चाचणीची सुरुवातीची मात्रा ठरवणाऱ्या संशोधकांसाठी आहे. त्यावरून कोणी घरच्या घरी बाटली रिकामी करू लागला, तर त्याला विज्ञानाचा आधार आहे असे म्हणता येणार नाही.

शिवाय गिळलेल्या मेलाटोनिनचा मोठा भाग यकृतच पहिल्या फेरीत मोडून टाकते. सरासरी 15 टक्क्यांच्या आसपासच भाग रक्तात पोहोचतो आणि साध्या गोळीचा रक्तातील अर्धायुकाल (पातळी निम्मी होण्याचा काळ) सुमारे पाऊण ते एक तास असतो. यावर एक हुशार युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो : औषध आधी यकृतातच जाते, मग त्याचा लाभ यकृताला मिळणारच. यकृतातून जाणे आणि यकृताचे रक्षण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मद्य शरीरातून निघायला कित्येक तास लागतात, आणि रोजच्या पिण्यात तर यकृताला उसंतच मिळत नाही. मद्यजन्य यकृतविकारावर मेलाटोनिन हा मान्यताप्राप्त उपचार नाही. रॅटला मद्याची मुळात नावड असते, ते द्रव आहारातून किंवा नळीने पोटात घालावे लागते, आणि एवढे करूनही त्याच्या यकृतात बहुधा मेद व सौम्य दाह यांपलीकडे फारसे काही होत नाही. वर्षानुवर्षांच्या पिण्याने यकृतावर व्रण साठलेल्या माणसाबद्दल असा प्रयोग काय सांगणार? म्हणून अशा लेखातला निष्कर्ष वाचण्याआधी प्राणी कोणता, औषध कधी दिले आणि मद्य किती दिवस दिले, या तीन गोष्टी मी शोधतो.

मद्य एकदम सोडून झोपेसाठी मेलाटोनिनवर विसंबणे

ही चूक मला सर्वांत जास्त भीतिदायक वाटते, कारण ती चांगल्या हेतूने होते. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या एका गृहस्थांनी अहवालातील वाढलेले आकडे पाहून एका सकाळी मद्य पूर्ण बंद केले. कोणाचाही सल्ला घेतला नाही. संध्याकाळपर्यंत हात थरथरू लागले, घाम फुटला, झोप येईना. घरच्यांनी मेलाटोनिन दिले, थोड्या वेळाने पुन्हा दिले, कारण ते यकृतालाही चांगले असते असे त्यांनी वाचले होते. दुसऱ्या रात्री त्यांना फेफऱ्यासारखा झटका आला. रुग्णालयात बेन्झोडायझेपिन गटातील मेंदू शांत करणारे औषध आणि थायमिन (जीवनसत्त्व बी१) दिल्यावर ते सावरले, पण घरी गेलेला तो वेळ जिवावर बेतू शकला असता.

मद्य मेंदूतील शांत करणाऱ्या यंत्रणेला सतत बळ देत असते, आणि मेंदू त्याच्याशी जुळवून घेऊन स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. मद्य अचानक थांबले की ती उत्तेजना मोकळी सुटते. झटके बहुधा शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 48 तासांत येतात, आणि भ्रम, ताप व तीव्र अस्वस्थता असलेली डिलिरियम ट्रेमेन्स ही अवस्था साधारण 48 ते 96 तासांत दिसते. या उत्तेजनेला मेलाटोनिन आवरू शकत नाही. म्हणून कोणी यकृताचे आकडे दाखवले तरी मी आधी शेवटचे मद्य केव्हा घेतले, पूर्वी सोडताना थरथर किंवा झटका आला होता का, हे विचारतो आणि उत्तर चिंताजनक वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवतो. आठवड्याभरात सगळे उरकायचे असणाऱ्यांना हा आग्रह अडथळा वाटतो. तो मी सोडणार नाही.

मद्य आणि मेलाटोनिन एकाच रात्री घेणे तर टाळावेच : गुंगी वाढते, आणि दीर्घकाळ झिरपणाऱ्या मेलाटोनिनच्या माहितीपत्रकातही सोबत मद्य घेऊ नये असे स्पष्ट लिहिलेले असते.

सुधारलेल्या अहवालाचे श्रेय गोळीला देणे

मद्य सोडले आणि त्याच दिवशी मेलाटोनिन सुरू केले, तर महिन्याभराने उतरलेली जीजीटी (मद्याने रक्तात वाढणारे यकृताचे विकर) दोघांपैकी कोणामुळे उतरली हे कसे कळणार? जीजीटीचा अर्धायुकाल 2 ते 3 आठवड्यांचा आहे, आणि मद्य पूर्ण थांबले तर यकृतातील साधा मेद 2 ते 6 आठवड्यांत ओसरू शकतो. हे गोळीशिवाय घडते. धोका असा की श्रेय गोळीला दिलेला माणूस पुढे मद्य पुन्हा सुरू करतो आणि गोळी चालू ठेवतो. एएलटी सामान्य आली म्हणजे सिरॉसिस (यकृत वणांनी कठीण होणे) नाही, असाही अर्थ काढू नये.

फ्लुव्होक्सामिन हे नैराश्यावरील औषध घेणाऱ्यांनी मेलाटोनिन स्वतःहून घेऊ नये, कारण ते औषध मेलाटोनिनचे विघटन रोखते आणि रक्तातील पातळी कित्येक पटींनी वाढते. बाटलीवरील आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये : 2017 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका तपासणीत 31 उत्पादनांतील प्रत्यक्ष प्रमाण लेबलपेक्षा 83 टक्के कमीपासून 478 टक्के जास्तपर्यंत आढळले होते. आणि मेलाटोनिन घेतले म्हणून मद्यानंतरच्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉल मनमानी घेता येत नाही.

सिरॉसिसमधील निद्रानाश साधा समजणे

यकृत खूप बिघडले की ते मेलाटोनिन हळू मोडते, दिवसाही त्याची पातळी चढलेली राहते आणि झोपेची घडी विस्कटते. पण दिवसा पेंग आणि रात्री जाग हा क्रम यकृताच्या बिघाडामुळे मेंदूवर होणाऱ्या परिणामाची पहिली खूणही असू शकतो, आणि तेव्हा झोपेची कोणतीही गोळी ती खूण झाकून टाकते. अशा रुग्णाच्या घरच्यांना मी रोज तारीख व वार विचारायला आणि हात पुढे ताणायला लावून ते फडफडतात का ते पाहायला सांगतो. उत्तरे चुकू लागली, हात फडफडू लागले, डोळे पिवळे झाले, पोट फुगले, उलटीत रक्त दिसले किंवा शौच डांबरासारखे काळे झाले, तर मेलाटोनिन चालू ठेवावे की बंद करावे या चर्चेत वेळ न घालवता सरळ रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी, म्हणजे काय घेतले जात होते ते डॉक्टरांना कळेल.