स्वतःचं छोटं लिनक्स बांधताय? आधी या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं पाऊस धरला की चार-चार दिवस उन्हाचं दर्शन नाही. तिकडच्या एका मराठी शाळेत कुणीतरी दान दिलेले चार जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, त्यातल्या दोघांच्या हार्डडिस्क गेलेल्या. गुरुजी म्हणाले, "पेनड्राइव्हवरनं चालंल असं काय तर करून द्या की. पोरांना मराठी लिहायला आलं पायजे, आणि कन्नड पण हं, कन्नडचा पेपर असतोय." मी "होय की" म्हणालो आणि अडकलो.

खरं तर टायनी कोअर, पपी, अल्पाइन अशी तयार छोटी लिनक्स आहेत. त्यातलं एक घालून दिलं असतं तर दोन दिवसांत सुटलो असतो. तुम्हालाही नुसतं जुनं मशीन जागं करायचं असेल तर तेच करा. मला मात्र आतलं सगळं शिकायचं होतं, म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि बिझीबॉक्स (रोजच्या छोट्या आज्ञा एकाच प्रोग्रॅममध्ये) यांपासून सुरुवात केली. पुढच्या बहुतेक चुका माझ्या हातून झालेल्या आहेत, एक-दोन मित्रांच्या.

सगळं बंद करून सुरुवात करणं

"छोटं" हा शब्द डोक्यात बसला की माणूस पहिल्यांदा 'मेक टायनीकॉन्फिग' मारतो, म्हणजे कर्नलमधल्या जवळजवळ सगळ्या सोयी बंद करणारी आज्ञा. मीही मारलं. कर्नल चिमुकला झाला, चालू केला, आणि काळा पडदा. एक अक्षर नाही. तासभर केबल हलवत बसलो. कारण असं की टायनीकॉन्फिगमध्ये संदेश छापणारी प्रिंटके ही सोयच बंद असते. टीटीवाय (कन्सोल) बंद, इनिटरामएफएस (बूट होताना रॅममध्ये उलगडणाऱ्या फायलींचा गठ्ठा) वाचायची सोय बंद, आणि गंमत म्हणजे ईएलएफ (लिनक्सच्या प्रोग्रॅमचा नेहमीचा फॉरमॅट) फाइल चालवायचीही सोय बंद. म्हणजे पोटात प्रोग्रॅम असून कर्नलला तो चालवता येत नाही, आणि येत नाही हे सांगायला तोंडही नाही.

तिथूनच सुरुवात करायची असेल तर आधी चार-पाच गोष्टी हातानं चालू करा: प्रिंटके, टीटीवाय, इनिटरामएफएस, ईएलएफ, आणि हॅश-बँगनं (#!) सुरू होणाऱ्या स्क्रिप्टची सोय. ही शेवटची सगळेच विसरतात. माझ्या मते मात्र नवख्यानं नेहमीच्या डिफॉल्ट कॉन्फिगनं एकदा बूट करून दाखवावं आणि मग एकेक गोष्ट काढत जावं. एका वेळी एकच. पाच गोष्टी एकदम काढल्या आणि मशीन बसलं, तर पाचांपैकी कुणामुळे बसलं हे शोधण्यात रात्र जाते.

'लोकलमॉडकॉन्फिग'चा सापळा याच्याही पुढचा. ही आज्ञा, ज्या मशीनवर ती मारता, त्यावर त्या क्षणी लोड झालेली मॉड्यूल (कर्नलला वरून जोडायचे ड्रायव्हरसारखे तुकडे) बघते आणि बाकीची गाळते. मी ती बेळगावात घरी, माझ्या लॅपटॉपवर मारली. कर्नल तयार झाला तो माझ्या लॅपटॉपला शोभेल असा, शाळेतल्या मशीनचं नेटवर्क कार्ड त्याच्या गावीही नव्हतं. ती मारायचीच असेल तर ज्या मशीनसाठी बांधताय त्यावर तात्पुरतं एखादं तयार लिनक्स चालवा, पेनड्राइव्ह, माउस, नेटवर्क केबल सगळं जोडा आणि मॉड्यूलची यादी तिथून काढून आणा. आणि पेनड्राइव्हवरून बूट करायचं असेल तर यूएसबी स्टोरेज आणि डिस्कचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून न ठेवता कर्नलमध्येच घाला. मॉड्यूल पेनड्राइव्हवर आणि पेनड्राइव्ह वाचायला तेच मॉड्यूल हवं, म्हणजे किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावल्यासारखं. शिवाय पेनड्राइव्ह जागा व्हायला एक-दोन सेकंद घेतो, म्हणून कर्नलच्या ओळीत 'रूटवेट' घाला.

बांधायचं एका मशीनवर, चालवायचं दुसऱ्यावर

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माझ्या आतेभावाला मी हे समजावत होतो, तर तो म्हणाला, "साचाच चुकला तर कास्टिंग घासून काय उपयोग?" अगदी बरोबर. कंपायलरला 'मार्च नेटिव्ह' असं सांगितलं की तो बांधणाऱ्या मशीनच्या प्रोसेसरला येणाऱ्या सगळ्या सूचना वापरतो. नवीन लॅपटॉपवर ते सुसाट पळतं, पेंटियम फोरवर पहिल्याच पावलाला कोसळतं.

इथं कर्नल पॅनिकची, म्हणजे कर्नल हात टेकून थांबतो तेव्हाची, ओळ वाचायला शिका. 'अटेम्प्टेड टू किल इनिट' (इनिट म्हणजे कर्नल सगळ्यात आधी चालवतो तो प्रोग्रॅम) याच्यापुढं एक्झिटकोड येतो, आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत. शून्यांच्या रांगेच्या शेवटी ४ असेल तर प्रोसेसरला न कळणारी सूचना, म्हणजे वरचीच चूक. शेवटी बी (b) असेल तर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅमनं नको त्या मेमरीला हात लावला. शेवटी १०० असेल तर इनिट स्वतःच चूक सांगून बाहेर पडला. आणि सगळेच शून्य असतील तर काही बिघडलेलंच नाही, तुमची स्क्रिप्ट आपलं काम आटोपून संपली. इनिट कधी संपायचा नसतो, म्हणून शेवटच्या ओळीत 'एक्झेक' करून दुसऱ्या कुणाच्या तरी हातात सूत्रं द्यावी लागतात. स्विचरूट (इनिटरामएफएसमधून खऱ्या डिस्कवर नेणारी आज्ञा) वापरत असाल तर तिथंही 'एक्झेक' हवंच, कारण तो पहिल्या क्रमांकाची प्रोसेस असल्याशिवाय काम करत नाही.

क्यूईएमयूमध्ये (लॅपटॉपवरच नकली मशीन चालवणारा प्रोग्रॅम) चाललं म्हणून नाचू नका. तिथं प्रोसेसरचा प्रकार पेंटियम थ्री आणि रॅम २५६ एमबी ठेवून तपासा. जांबोटीला जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. तिथं पोचल्यावर चूक कळण्यापेक्षा घरी कळलेली बरी.

कामाची जागा

फॅट किंवा एनटीएफएस पेनड्राइव्हवर कर्नलचा सोर्स उलगडू नका. कर्नलमध्ये काही फायली अशा आहेत की त्यांच्या नावांत फक्त लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक आहे. नेटफिल्टरच्या (कर्नलमधला फायरवॉलचा भाग) 'मार्क' हेडरच्या दोन फायली हे ठरलेलं उदाहरण. असा फरक न मानणाऱ्या डिस्कवर एक फाइल दुसरीला गिळते आणि चूक भलत्याच ठिकाणी दिसते. ईएक्सटी४ वापरा.

'मेक इन्स्टॉल'च्या आधी डेस्टडिअर (फायली कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायच्या ते) नीट भरलाय का ते दोनदा बघा. तो रिकामा राहिला आणि तुम्ही रूट असाल, तर नवीन सी लायब्ररी तुमच्याच चालू लिनक्सवर जाऊन बसते. माझ्या मित्रानं निपाणीत ऐन दिवाळीच्या सुट्टीत हे केलं आणि सुट्टी लॅपटॉप परत उभा करण्यात घालवली. बिझीबॉक्स बिचारा शहाणा, काही न सांगता स्वतःच्याच फोल्डरमध्ये इन्स्टॉल होतो. सगळे तसे नसतात.

घड्याळाचंही एक आहे. या जुन्या मशीनमधला मदरबोर्डवरचा सेल मेलेला असतो, तारीख वीस वर्षं मागं. मग वेबसाइटची प्रमाणपत्रं "अजून सुरू झालेली नाहीत" म्हणून नाकारली जातात आणि आपण नेटवर्कला शिव्या देतो. सेल बदला, तो स्वस्त आहे. तरी इनिट स्क्रिप्टमध्ये एक ओळ घाला: तारीख इमेज बांधलेल्या दिवसाच्या मागं असेल तर त्या दिवसावर आणून ठेव.

इनिट सापडत नाही

यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. पडद्यावर 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस' दिसलं की सगळे डिस्क ड्रायव्हर तपासायला धावतात. इनिटरामएफएस वापरत असाल तर जरा थांबा. कर्नलला आर्काइव्हच्या मुळाशी 'इनिट' नावाची फाइल सापडली नाही की तो जुन्या पद्धतीनं डिस्क शोधायला निघतो आणि तिथं आपटतो. म्हणजे ओरड डिस्कच्या नावानं आणि दुखणं तुमच्या आर्काइव्हमध्ये. बहुतेक वेळा सीपीआयओ, म्हणजे हेच आर्काइव्ह, बाहेरच्या फोल्डरमधून भरलेला असतो, त्यामुळे इनिट एक पायरी आत जाऊन बसतो. रूटएफएस (सगळ्या फायली मांडलेल्या) फोल्डरच्या आत जाऊन, तिथून भरा. आणि फॉरमॅट 'न्यूसी'च सांगा, सीपीआयओचा मूळ फॉरमॅट कर्नल घेत नाही.

इनिट सापडला पण चालला नाही, तर कर्नल वजा चिन्हासह एक आकडा देतो. वजा १३: फाइलला चालवायची परवानगी नाही. वजा ८: हा प्रोग्रॅम या मशीनचा नाही, म्हणजे ३२ बिट कर्नलवर ६४ बिट फाइल, किंवा स्क्रिप्टची पहिली हॅश-बँग ओळच राहिली. वजा २ सगळ्यात फसवा. त्याचा अर्थ "फाइल नाही", आणि फाइल तर समोर दिसत असते! नसते ती तिच्यामागची फाइल. बिझीबॉक्स डायनॅमिक (लायब्ररी बाहेरून घेणारा) बांधला असेल आणि त्याचा लोडर (त्या लायब्ररी जोडणारी फाइल) आत ठेवला नसेल तर वजा २. स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून आणली असेल तरी वजा २, कारण प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि कर्नल त्या अक्षरासकट शेलचं नाव शोधतो. सायबर कॅफेत बसून ती स्क्रिप्ट दुरुस्त करणारा शहाणा मीच. एक संध्याकाळ गेली.

हा आकडा वर सरकून जातो हेही लक्षात ठेवा. इनिट चालला नाही तर कर्नल इतर ठरावीक जागा बघतो आणि शेवटी थेट शेल उघडतो. प्रॉम्प्ट आला म्हणून खूश व्हाल, पण काहीच माउंट झालेलं नसतं. डेव्ह (उपकरणांच्या फायलींचं) फोल्डर आपोआप भरेल ही आशाही सोडा. कर्नलमधली ती आपोआप माउंटची सोय इनिटरामएफएसला लागू नाही. डेव्हटीएमपीएफएस (डेव्ह भरणारी), प्रॉक आणि सिस (कर्नलची माहिती दाखवणारी) स्वतःच्या हातानं माउंट करा.

इनिटरामएफएस एक्सझेडनं दाबून लहान करत असाल तर तपासणीचा प्रकार सीआरसी३२ सांगा. एक्सझेड आपल्या मनानं सीआरसी६४ लावतो आणि कर्नल तो ओळखत नाही. आणि मॉड्यूलवर सरसकट 'स्ट्रिप' फिरवू नका, फक्त डीबगची माहिती काढा, नाहीतर ती लोडच होत नाहीत.

नेटवर्कचं थोडक्यात: बिझीबॉक्सचा यूडीएचसीपीसी (नेटवर्ककडून आयपी पत्ता मागणारा प्रोग्रॅम) "लीज मिळाली" म्हणतो आणि आयपी मात्र लागलेला नसतो. तो स्वतः आयपी लावतच नाही, एका स्क्रिप्टला सांगतो. ती स्क्रिप्ट सोर्सच्या उदाहरणांच्या फोल्डरमध्ये असते, तिथून उचलून तिच्या जागी ठेवा.

मराठी आणि कन्नड

आता आपल्या भागाचं खास दुखणं. छोट्या लिनक्सवरच्या इंग्रजी लेखांत हे सापडणार नाही, कारण लिहिणाऱ्यांना एका लिपीत भागतं.

पोरांनी सेव्ह केलेल्या फायलींची यादी मी लॅपटॉपवरून टेल्नेटनं आत शिरून बघितली तर नुसती प्रश्नचिन्हं. आधी फॉन्टला दोष दिला. फॉन्टचा काही संबंध नव्हता. प्रश्नचिन्हं मोजा. एका अक्षरामागं तीन असतील तर बिझीबॉक्समध्ये युनिकोड सपोर्टच बंद आहे, कारण यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. एकेकच असेल तर सपोर्ट चालू आहे, पण 'लास्ट सपोर्टेड डब्ल्यूकॅर' या पर्यायाचा डिफॉल्ट आकडा ७६७ आहे. त्याच्या पुढचं काही दाखवायचंच नाही असा त्याचा अर्थ. देवनागरी सुरू होते २३०४ ला आणि कन्नड ३२०० ला. आपण दोघेही कुंपणाच्या बाहेर! तिथं शून्य घाला, मग मर्यादा जाते.

शून्य घातलं आणि 'बेळगाव'चं 'ब?ळगाव' झालं. खानापूरचं 'खानाप?र'. निपाणी मात्र धडधाकट. दोन दिवस हे कोडं सुटेना. बिझीबॉक्समध्ये जोडचिन्हांचा वेगळा पर्याय आहे आणि तो बंद होता. काना, वेलांटी यांना रुंदी असलेली चिन्हं समजतात, पण उकार, मात्रा, अनुस्वार, हलंत यांना शून्य रुंदीची, आणि तीच गाळली जात होती. 'कम्बाइनिंग' असा शब्द असलेला पर्याय चालू केला आणि बेळगावची मात्रा परत आली.

फॅट पेनड्राइव्ह माउंट होताना 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' आलं तर कर्नलमधून कोडपेज ४३७ किंवा आयएसओ ८८५९-१ (अक्षरांचे जुने तक्ते) गाळलंय का बघा. आपल्याला कशाला हवीत म्हणून मीही गाळली होती, पण फॅट ती डिफॉल्टनं मागतो. ती ठेवा, आणि माउंट करताना यूटीएफ-८ सांगा.

काळ्या कन्सोलवर मराठी उमटवायच्या नादी मात्र लागू नका. तिथल्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि अक्षरं जोडायची अक्कल त्याला नाही. लिहायचं काम ग्राफिकल एडिटरमध्येच करायचं. तिथं जागा वाचवायला हार्फबझ (अक्षरं जोडून मांडणारी लायब्ररी) काढलात तर 'शिक्षण'मधली वेलांटी श च्या मागं जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडतात. पोरं तसंच शिकतील, म्हणून या एका ठिकाणी एमबी मोजू नका. फॉन्टमध्ये मात्र मोजा: नोटोचा सगळा संच न आणता लोहित देवनागरी आणि लोहित कन्नड या दोन फायली घ्या. कीबोर्ड दोन्ही लिप्यांना इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची ठरलेली कीबोर्ड-मांडणी) ठेवा. क, ख, ग ची जागा दोन्हीत एकच, त्यामुळे पोरांना दुसरी लिपी फुकटात मिळते.

हाच पेनड्राइव्ह शेजारच्या गावातल्या शाळेलाही हवा होता. कर्नल आणि बिझीबॉक्स जीपीएल २ (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) खाली आहेत, तेव्हा दुसऱ्याला देताना सोर्सही द्यावा लागतो. मी सोर्स आणि दोन्ही कॉन्फिग फायली त्याच पेनड्राइव्हच्या दुसऱ्या पार्टिशनवर टाकल्या.

श्रावणात परत गेलो तेव्हा चारपैकी तीन मशीन चालू होती. चौथ्यात उंदराचं बिऱ्हाड. सातवीतल्या एका मुलीनं फाइल सेव्ह केली होती, अर्धं नाव मराठीत आणि अर्धं कन्नडमध्ये. मी यादी काढून बघितली. एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.