पूर ओसरल्यावर गल्लीतला गाळ कसा काढावा

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर क्युसेकच्या आकड्याआधी गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आले आहे, कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत, यावरून माल कधी हलवायचा हे ठरते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनंतर सराफ बाजार, भांडी बाजार आणि गोदाघाटाच्या परिसरात ही सावधगिरी चांगलीच अंगवळणी पडली आहे. मात्र पाणी उतरू लागले की सगळे निश्चिंत होतात, आणि गाळ काढण्याची खरी वेळ नेमकी तीच असते.

ओला गाळ पाण्याबरोबर वाहतो, अर्धवट सुकलेला फावड्याला चिकटून बसतो आणि पूर्ण सुकलेल्याला कुदळ लावावी लागते. म्हणून दुकानातले पाणी घोट्याएवढे उरले असतानाच लाकडी फळीने किंवा खराट्याने तळाचा गाळ सतत ढवळत राहावे, म्हणजे उतरते पाणीच त्यातला बराचसा भाग बाहेर घेऊन जाते. त्यापूर्वी तीन गोष्टी मात्र झालेल्या असाव्यात: वीजपुरवठा बंद असल्याची महावितरणच्या कर्मचाऱ्याकडून खात्री, धरणातून पुन्हा विसर्ग वाढणार नाही याची चौकशी, आणि पंचनाम्यासाठी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसह सगळ्या नुकसानीची छायाचित्रे. रस्त्यावर पाण्याला ओढ असेल, तर घाई कितीही असली तरी उतरू नये.

बर्फ पडणाऱ्या शहरांत हिमवृष्टीच्या आधीच रस्त्यावर मिठाचे पाणी फवारतात, म्हणजे बर्फ डांबराला घट्ट धरत नाही. आपल्याकडे गाळाला असा आगाऊ उपाय नाही. त्याला पकडायचे ते तो ओला असतानाच.

गल्ली साफ करताना सुरुवात उंच टोकाकडून करावी आणि सखल टोकाकडे जावे. प्रत्येकाने आपापल्या दारासमोरचा गाळ शेजाऱ्याच्या दाराकडे लोटण्याची जुनी रीत भांडणाखेरीज काहीही देत नाही. सर्वांत आधी चेंबरवरच्या जाळ्या मोकळ्या कराव्यात, पण गाळ चेंबरमध्ये ढकलू नये. सराफ बाजाराखालून जाणाऱ्या सरस्वती नाल्यासारख्या झाकलेल्या नाल्यात तो बसला, तर पुढच्या मोठ्या सरीला तेच पाणी उलटे वर येते. गाळ घमेल्यांनी उचलून रस्त्याच्या एकाच बाजूला ढीग करावा आणि जेसीबी व डंपर यांना वळायला जागा सोडावी. प्लास्टिक, लाकूड आणि भिजलेला माल वेगळा ठेवावा, कारण मिसळलेला ढीग घंटागाडीही घेत नाही आणि डंपरवाल्यालाही नको असतो.

जुन्या वाड्यांच्या बाबतीत घाई महागात पडते. मातीत बांधलेल्या भिंती पाणी पिऊन जड झालेल्या असतात. त्यांच्या पायथ्याशी बंबाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास माती सुटते. तळघरातले पाणीही एका दमात उपसू नये. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना आतला आधार अचानक गेला, तर बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो. म्हणून दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढावे, आणि पाणी पुन्हा चढताना दिसले तर थांबावे.

कामावर असणाऱ्यांनी गमबूट आणि हातमोजे वापरावेत. पायाला जखम असलेल्याने गाळात उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू अशा जखमेतून सहज शिरतात. नंतर ताप आला तर पुराच्या पाण्यात वावरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ब्लीचिंग पावडर गाळ निघाल्यावरच टाकावी, गाळावर टाकलेली वाया जाते, आणि ती फरशी धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

धुतलेल्या फरशीवर दुसऱ्या दिवशी राखाडी पापुद्रा दिसतोच. तो सुकून धूळ होण्याआधी पुन्हा एकदा पाणी मारावे.