जुन्या गाडीच्या इंजिनातला गाळ घरच्या घरी कसा काढायचा, आणि कुठे हात लावायचा नाही

पुण्यात जुनी गाडी म्हणजे बहुतेक वेळा घर ते ऑफिस नाहीतर घर ते मंडई, कोथरूडहून निघायचं, कर्वे रोडला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं आणि डेक्कनला पोचलं की गाडी बंद. इंजिन नीट तापतच नाही, मग आत जमलेला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून न जाता ऑइलमध्येच मुरतं, त्यात ऑइल जुनं असेल तर ते घट्ट होत जातं आणि कढईच्या बुडाला जळलेलं तेल बसतं तसं आत थर धरून बसतं. हाच तो गाळ, मेकॅनिक स्लज म्हणतात तो. त्यामुळे "वर्षाला चार हजार किमी पण होत नाही, ऑइल कशाला बदलायचं" हे डोक्यातून काढा, अशाच गाडीत जास्त होतो.

आधी बघा किती आहे. इंजिन गार असताना ऑइल टाकायचं झाकण उघडा आणि मोबाईलचा टॉर्च आत मारा. धातू तांबूस-पिवळा दिसतोय पण बोट फिरवल्यावर हाताला काही येत नाही, तर ते नुसतं वार्निश, म्हणजे ऑइलचा पातळ डाग, सोडून द्या. काळा, चिकट, नखाने खरवडला तर लगदा निघतोय, तर गाळ. झाकणाच्या आतून पिवळट-पांढरा फेस असेल तर पावसाळ्यात आणि थंडीत ते ओलाव्यामुळे होतं, हायवेला खेड शिवापूरपर्यंत एक निवांत चक्कर मारली की बऱ्याचदा जातं, पण कूलंट कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरही (ऑइल मोजायची पट्टी) तसलाच फेस दिसला तर हेड गास्केटची, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या पॅकिंगची, शंका घ्या आणि गाडी चालवू नका. डिझेलवाल्यांनो, तुमचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होणारच, त्याला गाळ म्हणत नाहीत. सीएनजीवाल्यांचं उलट असतं, ऑइल स्वच्छ दिसतं म्हणून लोक ताणत राहतात आणि ते उष्णतेने आतल्या आत घट्ट होतं.

आता मुख्य मुद्दा. रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन दहा मिनिटं चालवायचं, हा सल्ला प्रत्येक पार्किंगमध्ये एक तरी काका देतातच, तो ऐकू नका. इंजिन आतून धुवायला ऑइलमध्ये ओततात त्या फ्लशच्या बाटलीचंही जास्त गाळ असलेल्या इंजिनात तेच. थर एकदम सुटला की त्याचे तुकडे खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, जातात, तिथे ऑइल ओढणारी जाळी असते, ती तुंबली की वर ऑइल पोचत नाही, आणि मग बेअरिंग, कॅम, टर्बो असेल तर टर्बो, सगळं एका झटक्यात. गाळ हळू काढायचा असतो.

म्हणजे काय, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचं सिंथेटिक ऑइल टाकायचं (सगळ्यात महागडं नको, लवकरच काढून टाकायचंय), नवा फिल्टर लावायचा, आणि १००० ते १५०० किमीला दोन्ही परत बदलायचं. असं तीन-चार वेळा. ऑइलमधलं डिटर्जंट थोडा थोडा थर विरघळवून फिल्टरमध्ये आणतं. फिल्टर आणि ड्रेन नटचं (चेंबरच्या बुडाचा, ऑइल सोडायचा नट) वायसर नाना पेठेत मिळून जातं, पण फिल्टर चांगल्या कंपनीचाच घ्या, इथे पैसे वाचवायचे नसतात.

ऑइल काढताना इंजिन कोमट हवं, उकळतं नको. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, स्टँड लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला विटा लावा. ड्रेन नट सोडून अर्धा तास निथळू द्या, घाई केली तर घाण आतच राहते. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, हाताने टेकेपर्यंत आवळा आणि मग पाऊण फेरा, पाना नको. जुना फिल्टर फेकण्याआधी हॅकसॉने कापून आतला कागद उलगडून बघा, काळी चिकट घाण असेल तर काम होतंय, पण चमकणारे कण दिसले तर बेअरिंग झिजतंय, मग गाळ ही तुमची छोटी अडचण.

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, घरी उघडता येतं, बोल्ट थोडेच असतात, पॅकिंग मात्र नवीन आणून ठेवा. वरचा लगदा प्लॅस्टिकच्या चमच्याने आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने बाहेर काढायचा, ऑइल खाली जायच्या भोकांवर आधी कापडाचे बोळे ठेवायचे आणि शेवटी मोजून काढायचे. आतून पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातल्या वाफा बाहेर ओढून नेणारा) निघत असेल तर हलवून बघा, खुळखुळला पाहिजे, नाही खुळखुळला तर बदला, स्वस्त असतो आणि तो तुंबला की गाळ परत होणार. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह, आहे का तेही मेकॅनिकला विचारून घ्या, गाडी गरम होते म्हणून कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला असतो आणि इंजिन कायम गारच चालतं.

गरम इंजिन आयडलला असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल, किंवा टॅपेटचा टकटक आवाज थांबतच नसेल, तर घरगुती प्रयोग बंद. चेंबर उतरवून जाळी साफ करावी लागेल, काही गाड्यांत त्यासाठी सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडावा लागतो, ते गॅरेजलाच द्या, टो करून न्या. तिथे उभं राहून एवढंच बघा की चेंबर बसवताना सांधा बंद करायची पेस्ट भसाभसा फासत नाहीयेत ना, जास्तीची पेस्ट आत सुटते आणि जाऊन त्याच जाळीत अडकते.

नंतर मात्र ५००० किमी किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग पळवा. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या, जुनं ऑइल गोळा करणारे त्यांच्याकडे येतात, गटारात ओतलं तर थेट मुठेत जातं. आणि पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा अंथरायला विसरू नका, सेक्रेटरींना फरशीवरचा डाग तिसऱ्या मजल्यावरून दिसतो.