कोलेस्टेरॉल: नॉर्मल रिपोर्टच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

गोळी सुरू केली, एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) १७० वरून ८५ वर आलं, की पेशंट परस्पर ठरवून टाकतो: झालो बरा, आता गोळी कशाला? अहो, ते ८५ गोळीमुळेच आहे! ही गोळी, म्हणजे स्टॅटिन, यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतं, मग यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पहिल्या जागी.

आमच्याकडचे एक गृहस्थ, स्टेंट घातलेले. रिपोर्ट छान आला आणि स्वारी गायब. उगवले ते थेट छातीत दुखतंय म्हणून. बायको बाजूला गप्प, हे मात्र माझ्यावरच चिडलेले: "रिपोर्ट तर नॉर्मल होता ना? मग किती वर्षं ही रसायनं पोटात ढकलायची?" मोबाइलवर आलेला कुठलासा 'रक्तवाहिन्या साफ' करणारा उपाय चालू होता. एलडीएल निघालं १६८. एकदा हृदयविकार झाला की ते ७० च्या खाली हवं, जमलं तर ५५ च्या. दुसरा स्टेंट घालावा लागला. तेव्हापासून मी चिठ्ठीवर गोळीच्या नावाआधी एलडीएलचं लक्ष्य लिहितो, आणि खाली ठळक अक्षरांत: 'न विचारता बंद करू नये'.

दुसरी खोड म्हणजे फक्त 'टोटल' बघायची. टोटल १९५, म्हणजे २०० च्या आत, म्हणून खूश? त्यातच एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३२ आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसरी चरबी) १५० असतील तर सूत्राने, म्हणजे टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करून, एलडीएल १३३ भरतं. मधुमेह्याला हे अजिबात चालणार नाही. रिपोर्टवरची 'नॉर्मल रेंज' सगळ्यांसाठी एकच छापलेली असते. तुमचं लक्ष्य तुमचं वय, रक्तदाब, साखर, धूम्रपान यांवर ठरतं. मी टोटलमधून एचडीएल वजा करून उरलेला आकडा आधी बघतो. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर सूत्राने काढलेल्या एलडीएलवर विसंबू नका.

पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी करून 'गुण नाही' म्हणणाऱ्या उतावळ्यांनो, निदान सहा आठवडे थांबा.

'मी बारीक आहे, मला कसलं कोलेस्टेरॉल?' अहो, बारीक माणसाचंही वाढलेलं असतं.

'काही त्रास नाही' हेही कारण नव्हे. कोलेस्टेरॉल वाढलेलं बहुधा कळतच नाही.

गोळी सुरू करण्याआधी थायरॉईड तपासा. तो मंद असेल तर कोलेस्टेरॉल वाढतं, आणि त्यावरच्या उपचाराने बऱ्याचदा उतरतंही.

मोठ्या आजारपणात तपासलं तर आकडा फसवा, कमी येतो.

अंग दुखलं की दोष स्टॅटिनलाच. कधी खरंही असतं, म्हणून सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासून डोस किंवा औषध बदलता येतं. मात्र लघवी गडद झाली आणि स्नायू फार दुखत असतील तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तरीही आधी डॉक्टरांशी बोला.

आणि एलडीएल १९० च्या वर असेल तर नुसत्या पथ्यावर महिने घालवू नका. दोष आनुवंशिक असू शकतो. भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या.