कंत्राटी शिक्षक म्हणून लागलाय? मग ऑर्डर नीट वाचा आणि फाइल आजच उघडा

ऑर्डर हातात आली की आनंदात तिथेच सही करून मोकळे होऊ नका, घरी आणा, शांतपणे दोनदा वाचा. कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या जागेवर आणि पगार किती, एवढं आधी बघा. बऱ्याच ऑर्डरमध्ये खाली एक ओळ असते, "सदर नियुक्ती निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची असून ३० एप्रिल रोजी आपोआप संपुष्टात येईल" अशा टाइपची. म्हणजे मे चा पगार नाही, जूनमध्ये परत नवी ऑर्डर, मधे ब्रेक, आणि चार वर्षं जीव तोडून शिकवलं तरी कागदावर तुम्ही नवीनच. मला याचा मनापासून राग येतो, पण राग येऊन पगार चालू होत नाही, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी शाळेच्या क्लार्कना (त्यांनाच खरं माहीत असतं) विचारा की ही जागा संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक मंजूर आहेत ती सरकारी यादी) मंजूर आहे का, रिकामी आहे का कुणाच्या रजेवरची आहे. सगळं यावर अडतं. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या नोकरीचा १९७७ चा जो एमईपीएस कायदा आहे त्याच्या कलम ५ प्रमाणे कायम रिक्त जागेवर रीतसर नेमणूक असेल तर दोन वर्षं परिविक्षा (प्रोबेशन), शिक्षण सेवक (सुरुवातीला मानधनावर नेमलेले शिक्षक) असाल तर तीन वर्षं, आणि ती नीट पूर्ण झाली की तुम्ही कायम. तात्पुरत्या नेमणुकीला हे लागू नाही, तिथे याच कायद्याच्या १९८१ च्या नियमावलीतला नियम २८ येतो, म्हणजे संस्था कारण न सांगता काढू शकते, पण एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार द्यावाच लागतो. मुदत संपायच्या आधीच फोनवर "उद्यापासून येऊ नका" म्हणाले तर ते चालत नाही, लेखी मागा.

आता फाइल. ऑर्डरच्या सगळ्या कॉपी, टाइमटेबल, मस्टरवरच्या सह्यांचे फोटो, बँकेच्या एन्ट्री, परीक्षेच्या ड्युटीचे कागद, मुख्याध्यापकांचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं ठेवा. पगार बँकेतच मागा. काही ठिकाणी बँकेत पूर्ण जमा करतात आणि नंतर थोडा कॅशने परत मागतात, तसं झालं तर तारीख आणि रक्कम त्याच दिवशी लिहून ठेवा. पीएफ कापत असतील तर यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) घ्या आणि उमंग ॲपवर पासबुक बघत चला, कापलं म्हणजे भरलंच असं नसतं.

दोन गोष्टी मात्र कुणी कितीही गोड बोललं तरी करायच्या नाहीत. बीएडची, डिग्रीची ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करायची नाहीत, दाखवा, झेरॉक्स द्या, ओरिजिनल परत घ्या. आणि तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करायची नाही. जॉइन होतानाच "फॉर्मॅलिटी आहे हो" म्हणत तो कागद पुढे सरकवतात, आणि नको झालात की त्यावर तारीख पडते, मग तुम्हाला काढलं नाही, तुम्हीच सोडलं. त्यामुळे सवयच लावून घ्या, कुठेही सही केली की खाली स्वतःच्या हाताने तारीख टाकायची.

काढलंच तर शाळा न्यायाधिकरणात (शाळेतल्या नोकरीच्या वादांसाठीचं कोर्ट) अपील करता येतं, पण ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवसांत. आपण इथे नेमके फसतो, सर बोलावतील, संस्थाचालकांचं मन बदलेल म्हणून वाट बघतो आणि महिना निघून जातो. तुमची केस बसते का हे पहिल्या आठवड्यातच वकिलाला विचारा. फी परवडत नसेल तर पुण्यात शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, एससी एसटी वाल्यांनाही.

हे चालू असताना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेटचा (शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी) अभ्यास सोडू नका. टीईटी आता आयुष्यभर चालते, आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर तिच्याशिवाय पहिली ते आठवीसाठी पुढे जाणं अवघडच आहे. टेट २०० मार्कांची, वेळ दोनच तास, म्हणून स्पीड लागतो. पवित्र पोर्टलवरून (सरकारची शिक्षक भरतीची वेबसाइट) शिक्षण सेवक म्हणून लागलात तरी पहिली तीन वर्षं मानधनच, प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि ज्युनियर कॉलेजला २०,००० (हे २०२३ पासून वाढलेत, आधी तर फारच कमी होते). पुण्यातलं कोथरूड-हडपसरचं भाडं बघता हे थोडंच आहे, तरी या रस्त्याला पुढे कायम होणं आहे. "इतके लाख द्या, पर्मनंट करून देतो" म्हणणाऱ्याला एकच विचारा, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता (तुमच्या नावाने नेमणुकीला दिलेली मंजुरी) आणि शालार्थ आयडी (सरकारी पगाराच्या ऑनलाइन सिस्टीममधला तुमचा नंबर) कुठंय? ते नसेल तर त्या ऑर्डरवर सरकारी पगार निघत नाही.

आणि अनुभवाचा दाखला दरवर्षी एप्रिलमध्येच घ्या, विषय, इयत्ता, तारखा सगळं टाकून, शिक्का मारून. नंतर मुख्याध्यापक बदलतात, मग तोच दाखला मिळवायला किती चकरा माराव्या लागतात ते ज्यांनी मारल्यात त्यांना विचारा.