डॅशबोर्डच्या भेगा भरायच्यात? मग आधी हे जमवा

जुन्या गाडीचा डॅशबोर्ड तडकला की आपण पहिलं काय करतो, तर डेंटिंगवाल्याकडनं मूठभर लांबी (म्हणजे पुट्टी) आणतो आणि भेगेत दाबून मोकळं होतो. मीपण तेच केलेलं. नानांची कॉन्टेसा, एमएच १० चं पासिंग, आयुष्य सगळं सांगलीच्या उन्हात गेलेलं. लांबी भरली, घासली, काळा रंग मारला, एक नंबर दिसत होतं. मे महिन्यात जुन्या भेगेच्या दोन्ही कडांनी दोन नव्या भेगा, म्हणजे एकीच्या दोन झाल्या. कारण साधं आहे, वरचं रेक्झिन आणि आतला फोम उन्हात फुगतो आकसतो आणि लांबी दगडासारखी कडक, ती काय हलत नाही. त्यामुळं दुसऱ्या वेळी आधी सामान जमवलं आणि मगच हात लावला, ते सगळं सांगतो.

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. पावसाळ्यात नाद करू नका, काही वाळत नाही. दिवाळी झाल्यावर ते शिवरात्रीपर्यंतचा काळ बेस्ट, आणि त्यातपण सकाळी दव असतं म्हणून ११ नंतर सुरू करायचं. गाडी सावलीत पण दारं सताड उघडी, कारण वास डोक्यात जातो.

मग भेग नीट बघा, नखानं कड दाबून बघा. कड खाली बसत असेल तर भरून काम होतं. कड वर वळून पापडासारखी कडक झाली असेल तर ती परत कधीच बसत नाही, तेवढी कापूनच टाकावी लागते. व्हिनाईलला, म्हणजे वरच्या रेक्झिनला, मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य त्यात असतं, ते उन्हानं उडून जातं, काचेला आतनं जो चिकट धुरकट थर बसतो ना, तो बराचसा तोच. ते गेलं की कातडं आकसतं, फोमला ओढतं आणि फाटतं. बंद गाडी मे महिन्यात उन्हात उभी असली की डॅशबोर्ड ७० डिग्रीच्या आसपास जातो, मग काय होणार. पाचसहापेक्षा जास्त भेगा असतील तर माझं ऐका, भरत बसू नका, डॅशबोर्ड काढून सरळ कुशनवाल्याकडं द्या आणि नवं रेक्झिन चढवून घ्या. कॉन्टेसा २००२ ला बंद झाली, नवा कोरा डॅशबोर्ड कुठं मिळेल ही आशा सोडा. आणि पुढची काच बदलायचीच असेल तर दोन्ही कामं एकदमच धरा, काच निघाली की पुढच्या कडेपर्यंत हात पोचतो.

आता धुणं. अर्धं काम हेच आहे आणि लोक हेच टाळतात. वर्षानुवर्षं चमकवायचं पॉलिश मारलेलं असतं, त्यात सिलिकॉन असतं, त्यावर ना फिलर (भेगेत भरायचा मसाला) धरत ना रंग. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना दाताचा ब्रश आणि चारपाच जुने बनियन घ्या. माझा पहिला बनियन पुसून काढला तर चहाच्या गाळणीसारखा तपकिरी, तिसरा पिवळा, पाचवा कुठं पांढरा राहिला. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. पेट्रोल नको, थिनर तर अजिबात नको, व्हिनाईल विरघळून चिकट होतं. झालं का बघायला पाण्याचे चार थेंब टाका. थेंब गोळी होऊन उभा राहिला तर पॉलिश अजून आहे, परत धुवा. पसरला तर पुढं चला.

मीटर काढायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, १० चा पाना लागतो, आणि प्रत्येक वायरीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. स्क्रू कुठला कुठला हे नंतर कळत नाही, मी इडलीपात्राच्या एकेका वाटीत एकेका जागेचे ठेवले. आईनं दोन दिवस पात्राला हात लावला नाही आणि माझ्याशी बोललीपण नाही.

सामानात कटर ब्लेड, ३ मिमीचा ड्रिल बिट (भेगेच्या टोकाला छोटं भोक पाडलं की भेग पुढं पळत नाही), १८० आणि ३२० चा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, जुने पेपर, मास्क, हातमोजे. खड्डा खोल असेल तर सीटच्या फोमचा तुकडा कापून खाली बसवायला. फिलर मात्र प्लास्टिक बंपर जोडायला वापरतात तो, दोन ट्यूबवाला, वाळल्यावर वाकणारा. सांगलीत शंभरफुटी रस्त्याला गॅरेजवाल्यांकडं विचारा. भेगेची कड व्हीसारखी तिरकी कापायची, आजूबाजूला दोनेक इंच १८० नं खरवडायचं, आणि फिलर पातळ थरांत. एकदम थापला तर मधे ओला राहतो.

टेक्श्चरचा (डॅशबोर्डवरचा खरबरीत दाणा आणणारा) स्प्रे आणि व्हिनाईलचा रंग आधी पुठ्ठ्यावर मारून बघा, किती लांबनं मारला की दाणा कसा येतो ते तिथंच कळतं. रंग जुळवायला ग्लोव्ह बॉक्सच्या आतली, ऊन न लागलेली जागा बघा, वरची नाही, ती उडालेली असते. आणि घ्यायचा तो मॅटच. चकचकीत घेतला तर मिरज रोडला दुपारी अख्खा डॅशबोर्ड काचेत दिसतो आणि समोरचा रस्ता दिसत नाही.

शेवटचं सामान म्हणजे चार दिवस गाडी, आणि ते घरच्यांना आधी सांगून ठेवा. वरनं हाताला कोरडा लागला तरी रंग आतनं मऊ असतो. नाना तिसऱ्याच दिवशी हरिपूरला संगमेश्वराला निघाले, येताना नारळाची पिशवी ठेवली डॅशबोर्डवर. पिशवीच्या विणीचा ठसा अजून आहे, भेग होती बरोबर त्याच जागेवर.